भरून आलेल्या हाडाची नोंद

मोडलेले हाड सांधले, प्लास्टर निघाले आणि रुग्ण पुन्हा चालू-फिरू लागला की तो विषय संपला असे घरात सगळे मानतात, आणि अनेकदा दवाखान्यातही तसेच मानले जाते. जोराच्या अपघातात मोडलेल्या हाडाच्या बाबतीत हे मानणे बहुतांशी बरोबरही असते. परंतु जे हाड फारसा आघात न होता मोडले, ते भरून आल्यावरही त्याच्या मोडण्याला अर्थ उरतो, कारण त्या घटनेने केवळ त्या एका हाडाची नव्हे तर संपूर्ण सांगाड्याची अवस्था उघड केलेली असते, आणि ती अवस्था प्लास्टरबरोबर निघून जात नाही. वैद्यकीय नोंदींच्या शास्त्राने हा फरक ओळखून अशा जुन्या, भरून आलेल्या आणि आघाताविना झालेल्या फ्रॅक्चरसाठी स्वतंत्र कोड ठेवले आहेत. हे कोड वरवर किरकोळ वाटतात, पण रुग्णाच्या पुढच्या उपचारांची दिशा ठरवणारी माहिती त्यांत साठवलेली असते, आणि ते चुकले तर ती माहिती नोंदींतून कायमची पुसली जाण्याचा धोका असतो.

रोगांना अक्षर-अंकांचे कोड देण्याची पद्धत मृत्यूच्या कारणांच्या यादीतून निघाली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेली यादी अनेक देशांनी स्वीकारली, १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने तिची जबाबदारी घेतली, आणि त्याच वेळी मृत्यूबरोबर आजारांचीही नोंद तीत होऊ लागली. आज जगभर 'आयसीडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, आणि अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी दहावीचा वापर अजून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. अमेरिकेने दहावीला स्वतःच्या गरजेप्रमाणे पुष्कळ फाटे फोडून 'आयसीडी-१०-सीएम' ही विस्तारित आवृत्ती तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती तिथल्या सर्व रुग्णालयांना बंधनकारक झाली. आधीच्या नवव्या आवृत्तीत निदानांचे सुमारे १४ हजार कोड होते, ते या बदलाने ७० हजारांच्या घरात गेले. जुन्या फ्रॅक्चरच्या नोंदीचा सर्वांत तपशीलवार विचार याच अमेरिकी आवृत्तीत झालेला असल्यामुळे, आणि पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील मेडिकल कोडिंगच्या कंपन्यांत काम करणारी हजारो मराठी मुले-मुली दररोज तीच आवृत्ती हाताळत असल्यामुळे, पुढील विवेचन मुख्यतः तिच्याच आधाराने केले आहे.

या वर्गीकरणातील 'झेड' अक्षराने सुरू होणारे प्रकरण हे आजारांचे नसून परिस्थितींचे आहे. रुग्ण तपासणीसाठी आला आहे, त्याच्या शरीरात कृत्रिम सांधा आहे, तो एखादे औषध दीर्घकाळ घेत आहे, किंवा त्याला पूर्वी अमुक आजार होऊन गेला आहे, अशा गोष्टी तिथे नोंदवतात. 'झेड ८७' हा गट होऊन गेलेल्या आजारांचा, त्यातील 'झेड ८७.३' हा उपगट हाडे, सांधे व स्नायूंच्या आजारांचा, आणि जागतिक संघटनेच्या मूळ आवृत्तीत विभागणी इथेच थांबते. अमेरिकी आवृत्तीने पुढे जाऊन 'झेड ८७.३१' हा कोड भरून आलेल्या, आघाताविना झालेल्या फ्रॅक्चरसाठी राखला आणि त्याचे तीन भाग केले: ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ झाल्यामुळे, झालेल्या जुन्या फ्रॅक्चरसाठी 'झेड ८७.३१०', इतर कोणत्या आजाराने पोखरलेल्या हाडाच्या जुन्या फ्रॅक्चरसाठी 'झेड ८७.३११', आणि वारंवारच्या ताणाने पडलेल्या जुन्या भेगेसाठी 'झेड ८७.३१२'. अपघातात मोडून भरून आलेल्या हाडासाठी मात्र 'झेड ८७.८१' हा पूर्णपणे वेगळ्या ठिकाणचा कोड आहे. नवव्या आवृत्तीत पहिल्या दोन प्रकारांना मिळून एकच कोड होता, म्हणजे म्हातारपणी ठिसूळ झालेले हाड आणि कर्करोगाने पोखरलेले हाड यांचा इतिहास एकाच खान्यात पडत असे. तो खाना मोडला गेला, ही दहाव्या आवृत्तीतील खरोखर उपयुक्त सुधारणा म्हटली पाहिजे.

आता प्रश्न येतो तो आघात कशाला म्हणायचे हा, आणि सारा घोटाळा इथूनच सुरू होतो. हाड मोडण्याआधी बहुतेक वेळा काहीतरी घडलेले असतेच. आजी न्हाणीघरात घसरते, अंगणातल्या पायरीवरून पाय निसटतो, भरलेली बादली उचलताना पाठीत कळ येते, आणि घरचे लोक दवाखान्यात सांगतात की पडल्यामुळे हाड मोडले. हे सांगणे खोटे नसते, तरी त्यावरून ते अपघाती फ्रॅक्चर ठरत नाही. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून खालून पडल्याने निरोगी प्रौढ माणसाचे हाड सहसा मोडत नाही, म्हणून इतक्या कमी आघाताने मोडलेल्या हाडाला वैद्यक 'फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर', म्हणजे ठिसूळपणामुळे झालेले फ्रॅक्चर, मानते. अमेरिकी कोडिंगच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनी हाच विचार नियमात उतरवला आहे. ज्या रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस आहे हे माहीत आहे, त्याचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आणि तेवढ्या पडण्याने निरोगी हाड मोडले नसते, तर तिथे अपघाती फ्रॅक्चरचा कोड न देता 'एम ८०' या गटातला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस व त्यामुळे झालेले चालू फ्रॅक्चर यांचा एकत्रित कोड द्यावा, असे त्या स्पष्ट सांगतात. 'पडली' हा शब्द दिसताच जखमांच्या प्रकरणाकडे धावणाऱ्या नवशिक्या कोडरला आणि, खेदाने म्हणावे लागते, घाईतल्या डॉक्टरलाही हा नियम पुन्हा पुन्हा आठवून द्यावा लागतो.

ऑस्टिओपोरोसिस हा आजार बहुधा हाड मोडेपर्यंत कोणतीही तक्रार निर्माण करत नाही, आणि म्हणूनच त्यातील फ्रॅक्चरला इतके महत्त्व आहे. जिवंत हाडात जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा भाग घडवणाऱ्या पेशींचे काम सतत चालू असते. वय वाढते तसे, आणि स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यावर विशेष वेगाने, झिजवणाऱ्या पेशींचे पारडे जड होते, हाडाच्या आतली जाळीदार रचना विरळ होत जाते आणि तिचे आधार तुटत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये याची मोजपट्टी ठरवली: डेक्सा या क्ष-किरण तपासणीत हाडाची घनता निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलनांइतकी किंवा त्याहून अधिक खाली असेल, म्हणजे टी-स्कोअर वजा २.५ किंवा त्याखाली असेल, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणावे. ही मोजपट्टी उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर झालेल्या अनेकांचा टी-स्कोअर या रेषेच्या वरच असतो, आणि म्हणून खुब्याचे हाड किंवा मणका किरकोळ कारणाने मोडला असेल तर घनतेचा आकडा काहीही असला तरी ऑस्टिओपोरोसिसचे निदान करावे, असे आता अनेक तज्ज्ञगट मानतात. अशा वेळी जुन्या फ्रॅक्चरची नोंद यंत्राच्या आकड्यापेक्षा वजनदार पुरावा ठरते.

तिचे वजन आकड्यांतही मांडता येते. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की एकदा असे फ्रॅक्चर होऊन गेलेल्या व्यक्तीला पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका तसे न झालेल्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट असतो. मणक्यांच्या बाबतीत चित्र याहून गंभीर आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की रजोनिवृत्तीनंतर नव्याने मणका दबलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीचा पुढच्या वर्षभरातच दुसरा मणका दबला. हा धोका फ्रॅक्चरनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक असतो आणि नंतर कमी होत गेला तरी सामान्य पातळीवर येत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात जॉन कॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुढील दहा वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका मोजणारे 'फ्रॅक्स' हे गणितसाधन खुले केले. त्यात वय, वजन, धूम्रपान, स्टिरॉइडचा वापर यांच्याबरोबरच प्रौढपणी किरकोळ कारणाने हाड मोडले होते का हा प्रश्न विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर 'होय' दिले की निष्कर्ष ठळकपणे बदलतो. भारतीय लोकसंख्येसाठीही या साधनाचे स्वतंत्र प्रारूप उपलब्ध आहे. ज्या कागदावर जुन्या फ्रॅक्चरचा उल्लेख गळला, त्या रुग्णाचा धोका हे साधन कमीच दाखवणार.

मणक्याचे फ्रॅक्चर या सगळ्यात सर्वांत फसवे. दबलेल्या मणक्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश प्रकरणे त्या वेळी ओळखूच येत नाहीत. पाठ धरली, वय झाले, उंची थोडी कमी झाली, पोक आले, असे म्हणून ती सोडून दिली जातात आणि वर्षांनंतर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रात अचानक दिसतात. शिवाय मनगटाचे हाड सांधते तसा दबलेला मणका आपली मूळ उंची परत मिळवत नाही, तो पाचरीच्या आकारातच कायम राहतो, आणि त्यामुळे त्याचे चित्र दहा वर्षांनी काढले तरी अहवालात 'मणक्याचे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर' असेच लिहिले जाते. मणक्याची उंची किती टक्के घटली यावरून त्याची सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी प्रतवारी करण्याची हॅरी जेनंट यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे, पण तीही वय सांगत नाही, फक्त आकार सांगते. फ्रॅक्चर ताजे की जुने हे कळण्यासाठी एमआरआयमध्ये अस्थिमज्जेला सूज दिसते का हे पाहावे लागते, किंवा आधीच्या चित्रांशी तुलना करावी लागते. नुसत्या अहवालावरून चालू फ्रॅक्चरचा कोड लावणारा कोडर इथे हमखास चुकतो, कारण हाडाचा आकार बिघडलेला असणे आणि हाड आज मोडलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चालू फ्रॅक्चर कधी संपते आणि इतिहास कधी सुरू होतो, हा या विषयाचा गाभा आहे. अमेरिकी आवृत्तीत चालू फ्रॅक्चरच्या कोडला सातव्या स्थानी एक अक्षर जोडावे लागते. शस्त्रक्रिया, आपत्कालीन उपचार किंवा नव्या डॉक्टरकडून होणारे सक्रिय उपचार चालू असताना 'ए', सक्रिय उपचार संपून हाड नेहमीच्या गतीने भरत असताना होणाऱ्या भेटींसाठी 'डी', हाड उशिरा भरत असल्यास 'जी', ते सांधलेच नसल्यास 'के', वेडेवाकडे सांधल्यास 'पी', आणि फ्रॅक्चर संपल्यावर मागे राहिलेल्या व्यंगासाठी 'एस'. बऱ्याच जणांचा असा समज असतो की 'ए' म्हणजे रुग्णाची पहिली भेट. तो चुकीचा आहे, कारण हे अक्षर भेटींची संख्या नव्हे तर उपचारांचा टप्पा दाखवते. प्लास्टर बदलणे, सळई बसवल्यानंतरची तपासणी, भरून येण्याची गती पाहण्यासाठीचा क्ष-किरण, हे सारे 'डी' मध्ये येते, आणि या काळात 'इतिहास' असा कोड लावणे चूक ठरते. हाड पूर्ण भरले, त्यासाठी कोणतेही उपचार उरले नाहीत, तरी पुढे ते पुन्हा मोडण्याची शक्यता लक्षात ठेवायला हवी, अशी स्थिती आली की मगच 'झेड ८७.३१०' चा अधिकार सुरू होतो. हा क्षण कॅलेंडरवरून ठरत नाही. मनगटाचे हाड साधारण सहा आठवड्यांत सांधते, मांडीच्या हाडाला तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि न सांधलेले हाड दोन वर्षांनीही चालू फ्रॅक्चरच राहते. अमुक महिने उलटले म्हणून ते भरले असे गृहीत धरण्याचा अधिकार कोडरला नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले पाहिजे.

मोडलेले हाड भरले तरी ऑस्टिओपोरोसिस मात्र जात नाही, हे ध्यानात घेऊन केलेला नियम विशेष विचारपूर्वक बनवलेला आहे. ज्याला ऑस्टिओपोरोसिस आहे पण सध्या त्यामुळे मोडलेले कोणतेही हाड नाही, त्याच्यासाठी 'एम ८१' हा गट वापरावा, पूर्वी फ्रॅक्चर होऊन गेले असले तरीही, आणि तसे होऊन गेले असेल तर 'एम ८१' च्या पाठोपाठ 'झेड ८७.३१०' द्यावा, असे सूचना सांगतात. समजा, एका ७२ वर्षांच्या बाईंचे मनगट ६४ व्या वर्षी घरातल्या घरात घसरून मोडले होते, ते भरून आले, आणि आता त्या हाडे बळकट करणारे बिस्फॉस्फोनेट गटातील औषध चालू ठेवण्यासाठी तपासणीला आल्या आहेत. त्यांची नोंद तीन कोडांनी पूर्ण होते: वयोमानाने आलेल्या ऑस्टिओपोरोसिससाठी 'एम ८१.०', जुन्या मनगटासाठी 'झेड ८७.३१०' आणि दीर्घकाळ चाललेल्या औषधासाठी 'झेड ७९.८३'. पहिला कोड आजार सांगतो, दुसरा त्या आजाराने आपली ताकद एकदा दाखवली आहे हे सांगतो, तिसरा त्यावर काय केले जात आहे ते सांगतो. त्याच बाईंच्या खुब्याचे हाड उद्या मोडले, तर आजार व फ्रॅक्चर दोन्ही सामावणारा 'एम ८०' हा कोड पुढे येतो, आणि भरून आलेल्या मनगटाचा कोड त्याच्या सोबत राहू शकतो, कारण त्यांतले एक हाड आज मोडले आहे आणि दुसरे आठ वर्षांपूर्वी.

व्यवहारात सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे भरून गेलेले फ्रॅक्चर वर्षानुवर्षे चालूच असल्यासारखे नोंदवत राहणे. संगणकीय केसपेपरमध्ये आधीच्या भेटीतली निदानांची यादी एका कळीसरशी नव्या भेटीत उतरते, आणि २०१९ मध्ये मोडलेला खुबा २०२४ मध्येही त्या यादीत ताजाच राहतो. अमेरिकेत याचे परिणाम पैशापर्यंत पोहोचतात. तिथल्या वृद्धांच्या खासगी मेडिकेअर योजनांना रुग्ण किती आजारी आहेत त्या प्रमाणात सरकार पैसे देते आणि खुब्याच्या ताज्या फ्रॅक्चरसारख्या निदानांनी ती रक्कम वाढते, त्यामुळे जुने फ्रॅक्चर चालू दाखवणे म्हणजे न मिळायला हवा होता तो पैसा मागणे ठरते, आणि असे दावे १८६३ पासून अस्तित्वात असलेल्या खोट्या दाव्यांविरुद्धच्या कायद्याखाली येऊ शकतात. दुसरा परिणाम उपचारांच्या गुणवत्तेच्या मोजमापावर होतो. फ्रॅक्चर झालेल्या ६७ ते ८५ वर्षांच्या स्त्रीची सहा महिन्यांत हाडाची घनता तपासली गेली किंवा तिला औषध सुरू झाले का, हे तिथे योजनानिहाय मोजले जाते. जुन्या फ्रॅक्चरला ताज्याचा कोड लागला की जिला नव्या तपासणीची गरजच नव्हती अशी स्त्री त्या मोजणीत शिरते, आणि जिला खरोखर गरज होती तिच्याकडे लक्ष वेधणारा आकडा धूसर होतो.

याच्या उलटी चूक कमी दिसते पण अधिक घातक आहे: इतिहासाचा कोड मुळीच न लावणे. आता अस्तित्वात नसलेल्या आजाराचा कोड लावू नये, हा नियम खराच आहे. मात्र त्याच नियमाच्या पुढच्या वाक्यात म्हटले आहे की पूर्वीच्या आजाराचा आताच्या उपचारांवर परिणाम होत असेल तर इतिहासाचे कोड दुय्यम म्हणून द्यावेत. पहिले वाक्य पाठ करून दुसरे विसरणारे पुष्कळ आढळतात. डॉक्टरांनी 'पूर्वी फ्रॅक्चर' एवढेच लिहिले असेल, ते कशाने झाले हे लिहिले नसेल, तर कोडरने अंदाजाने अपघाती किंवा ठिसूळपणाचे ठरवू नये, तर रीतसर क्वेरी पाठवावी. अशी क्वेरी डॉक्टरांना हवे ते उत्तर सुचवणारी असू नये, तिने फक्त नोंदीतील तथ्ये समोर ठेवून विचारावे, अशी शिस्त या व्यवसायात आहे आणि ती योग्यच आहे. कोडर हा टंकलेखक नव्हे. डॉक्टरने कागदावर अर्धवट ठेवलेले वाक्य पूर्ण करून घेणारा तो शेवटचा माणूस असतो.

ऑस्टिओपोरोसिसखेरीज अन्य आजारांनी मोडलेल्या हाडांचा प्रदेश लहान पण गुंतागुंतीचा आहे. स्तन, पुरःस्थ ग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत पसरण्याकडे झुकतात, मल्टिपल मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग तर हाडांतच वाढतो, आणि पॅजेटच्या आजारात किंवा परावटू ग्रंथींच्या अतिस्रावात हाडाची घडण बिघडते. अशा हाडाचे चालू फ्रॅक्चर 'एम ८४.५' व 'एम ८४.६' या गटांत जाते, आणि कर्करोगाच्या बाबतीत उपचार फ्रॅक्चरवर केंद्रित असतील तर फ्रॅक्चरचा कोड आधी, कर्करोगावर असतील तर कर्करोगाचा आधी, असा क्रम आहे. हाड भरून आल्यावर 'झेड ८७.३११' येतो, मात्र कर्करोग अजून शरीरात असेल तर तो चालू आजार म्हणूनच नोंदवावा लागतो. हाड बरे झाले म्हणून मूळ आजारही इतिहासजमा झाला असे मानता येत नाही.

ताणाच्या भेगेची गोष्ट निराळी, कारण इथे हाड बहुधा निरोगी असते आणि त्याच्याकडून करून घेतलेले काम अतिरेकी असते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसे हाडावर लहान ताण विश्रांतीविना येत राहिले की दुरुस्तीचा वेग मागे पडतो आणि भेग पडते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब कवायतींनंतर सैनिकांचे सुजलेले, दुखणारे पाऊल वर्णिले होते; क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांत त्या सुजेमागची पावलाच्या लांब हाडांतली भेग चित्रात दिसली. आज हा त्रास लांब पल्ल्याचे धावपटू, नर्तक आणि सैन्यातील नवे भरती झालेले जवान यांच्यात आढळतो, आणि पोलीस वा सैन्यभरतीच्या तयारीत थोड्या आठवड्यांत धावण्याचे अंतर एकदम वाढवणाऱ्या मुलामुलींनी तो ओळखायला हवा. चालू भेगेसाठी 'एम ८४.३' आणि भरल्यावर 'झेड ८७.३१२' हे कोड आहेत, पण ऑस्टिओपोरोसिसमुळे अशी भेग पडली तर ती 'एम ८०' मध्येच जाते. तरुण धावपटू मुलीच्या बाबतीत जुन्या भेगेची नोंद विशेष महत्त्वाची, कारण अपुरा आहार, अनियमित किंवा थांबलेली मासिक पाळी आणि कमी होत जाणारी हाडांची घनता ही साखळी अनेकदा प्रथम अशा भेगेतूनच उघडकीस येते.

इतके नियम बारकाईने पाळले तरी या कोडांची एक मूलभूत उणीव राहतेच. फ्रॅक्चर चालू असताना 'एम ८०' चा कोड कोणते हाड, उजवे की डावे, भरण्याचा टप्पा कोणता, हे सारे सांगतो; ते भरले की हा सगळा तपशील गळून पडतो आणि मनगट, खुबा, मणका, एक की चार, गेल्या वर्षी की वीस वर्षांपूर्वी, यातले काहीही न सांगणारा एकच 'झेड ८७.३१०' उरतो. पुढच्या फ्रॅक्चरचा धोका नेमका याच तपशिलांवर अवलंबून असतो. गेल्या बारा महिन्यांत मोडलेले हाड असेल तर रुग्णाला अतिउच्च धोक्याच्या गटात धरून हाड घडवणाऱ्या औषधांचा विचार आधी करावा, असे अमेरिकी अंतःस्राव-तज्ज्ञांच्या २०२० च्या सूचना सांगतात, आणि कोडमध्ये तर महिना-वर्ष नोंदवायला जागाच नाही. सत्तर हजार कोडांच्या पसाऱ्यात एवढी सोय करता आली नाही, हा या वर्गीकरणाचा दोषच म्हणावा लागेल. तोवर ही माहिती डॉक्टरच्या लिखित टिपणीतच जपावी लागणार, आणि टिपणी जितकी तोकडी तितका कोड मुका.

भारतात बिलांचा व्यवहार अमेरिकेसारखा प्रत्येक कोडवर चालत नाही, तरी आरोग्यविम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० च्या कोडचा रकाना असतो, आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून रुग्णाच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्याची व्यवस्था उभी राहत आहे. परदेशात याच्या पुढची पायरी गाठली गेली आहे. ग्लासगोमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'फ्रॅक्चर लिएझन' सेवेने पन्नाशीनंतर फ्रॅक्चर घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला शोधून त्याच्या हाडांची तपासणी व औषधोपचार सुरू करण्याची पद्धत घालून दिली, आणि ती अनेक देशांनी उचलली. अशी सेवा नोंदीवरच उभी राहते, कारण ज्याचे जुने फ्रॅक्चर कागदावर नाही त्याला शोधणार कसे.

आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्णांचा वैद्यकीय इतिहास अजून घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या फायलीत असतो. म्हणून पन्नाशीनंतर घरातल्या कोणाचेही हाड किरकोळ पडण्याने मोडले असेल, तर त्याचे डिस्चार्ज कार्ड व क्ष-किरणाची फिल्म हाड भरल्यावर फेकून देऊ नये, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, कोणते हाड, कोणत्या वर्षी आणि नेमके कशाने मोडले या तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात व त्या केसपेपरवर लिहून घ्याव्यात.